डेक मऊ लागू लागतो तेव्हा

फायबरग्लास कुजत नाही, हे खरे आहे. फायबरग्लासच्या जुन्या बोटीचा डेक मात्र कुजतो, कारण त्याच्या पोटात लाकूड असते. ही माहिती बोट विकणारा आपणहून देत नाही आणि विकत घेणारा आनंदाच्या भरात विचारत नाही. ती शेवटी पायाला मिळते. डोलकाठीच्या बाजूने नाळेकडे चालत जाताना एका जागी टाच किंचित खाली जाते आणि परत वर येते. ही हालचाल जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची असते. मालकाचे पुढचे दोन उन्हाळे आणि बँकेतली बरीचशी शिल्लक त्या दोन-तीन मिलिमीटरांत जाते.

काचेच्या तंतूंचे कापड रेझिनमध्ये भिजवून त्यातून बोट घडवण्याचा उद्योग अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झाला. ओहायो राज्यातल्या टोलीडो शहरी रे ग्रीन यांनी 1942 मध्ये अशी एक लहान शिडाची बोट केली. 1959 च्या न्यूयॉर्क बोट प्रदर्शनात ऱ्होड आयलंड राज्यातल्या क्लिंटन आणि एव्हरेट पिअर्सन या चुलतभावांनी कार्ल अल्बर्ग यांच्या आराखड्यावर बांधलेली ‘ट्रायटन’ ही 28 फुटी बोट मांडली. किंमत दहा हजार डॉलरच्या आत होती. ज्यांनी तोवर समुद्र फक्त किनाऱ्यावरून पाहिला होता, अशा मध्यमवर्गीय कुटुंबांना आपलीही बोट असू शकते असे वाटू लागले. पुढे सातशेहून अधिक ट्रायटन बांधल्या गेल्या. हे नवे साहित्य किती वर्षे टिकेल याचा अनुभव कुणाच्याच गाठी नसल्याने त्या काळातल्या बांधणाऱ्यांनी बोटीचे पाण्यात बसणारे कवच भरीव आणि चांगले जाडजूड ठेवले. त्यामुळे साठ वर्षांनंतरही त्यातली पुष्कळ कवचे ठणठणीत आहेत. बोटीचा जो भाग रात्रंदिवस पाण्यात असतो तो कोरडा राहिला आणि जो पाण्याच्या वर असतो तो भिजून गेला, असा हा प्रकार आहे.

डेकची अडचण वजनाची असते. वरचा भाग जड केला तर बोट वाऱ्यात नको तितकी कलते. पातळ केला तर पावलागणिक लवतो. यावर तोडगा म्हणून तीन थरांची रचना आली: वर फायबरग्लासचा पातळ थर, खाली तसाच दुसरा आणि मध्ये एखाद्या हलक्या वस्तूचा गाभा. भरीव थर मधोमध विभागून त्यात गाभा घातला आणि एकूण जाडी दुप्पट केली, तर ताठपणा सुमारे सातपट होतो आणि वजन साधारण तीन टक्क्यांनीच वाढते. जाडी चौपट केली तर ताठपणा सदतीसपटीपर्यंत जातो. इतक्या स्वस्तात इतका फायदा अभियांत्रिकीत क्वचितच मिळतो, आणि मिळाला की त्याची वसुली पुढच्या मालकाकडून होते. कारण हा सगळा ताठपणा तिन्ही थर एकमेकांना घट्ट चिकटलेले असेपर्यंतच असतो. चिकटपणा सुटला की उरतात ते दोन पातळ पापुद्रे आणि त्यांच्यामध्ये ओला लगदा.

गाभ्यासाठी बहुतेकांनी बाल्सा निवडला. इक्वाडोरमध्ये झपाट्याने वाढणारे हे झाड काही वर्षांतच तोडणीला येते. त्याचे वाळलेले लाकूड घनमीटरला दीडशे किलोच्या आसपास भरते, म्हणजे सागाच्या साधारण पाव हिश्शाइतके. समुद्राशी त्याची ओळखही जुनी आहे. थोर हेयरडाल यांनी 1947 मध्ये बाल्साच्या ओंडक्यांचा ‘कॉन-टिकी’ तराफा पेरूहून पॉलिनेशियात 101 दिवसांत नेला. तेव्हा बाल्सा पाण्यात शंभर दिवस टिकतो, हे सिद्धच झालेले होते. डेककडून अपेक्षा मात्र पन्नास वर्षांची असते.

डेकमध्ये बाल्सा फळ्यांच्या रूपात घालत नाहीत. तंतू उभे राहतील असे त्याचे लहान चौकोन कापतात. तंतू उभे असल्याने पाणी आडवे पसरायला वेळ लागतो, ही या मांडणीची जमेची बाजू. मात्र डेकच्या गोलाईवर बसावेत म्हणून हे चौकोन जाळीवर सुटेसुटे चिकटवलेले असतात आणि त्यांच्यामधल्या फटी रेझिनने भरून काढायच्या असतात. जिथे कामगाराची जेवणाची सुट्टी जवळ आली होती तिथे त्या तशाच राहिल्या. पाटबंधारे खात्याच्या मदतीवाचून तयार झालेले हे कालवे पुढे कधीतरी येणाऱ्या पाण्याची वाट पाहत राहतात.

लहान मोटरबोटींची तऱ्हा निराळी असते. तिथे डेक म्हणजे प्लायवूडचा तक्ता, त्यावर फायबरग्लासचा पातळ हात, ठिकठिकाणी स्क्रू आणि सगळ्यावर गालिचा. गालिचा पाणी शोषून घेतो आणि प्रामाणिकपणे खालच्या लाकडाला पोचवतो. अमेरिकेत 1971 च्या बोट सुरक्षा कायद्यानंतर वीस फुटांखालच्या बोटींना तरंगत ठेवण्याची सोय सक्तीची झाली आणि डेकखालच्या पोकळीत फोम भरला जाऊ लागला. वर्षानुवर्षे तळाशी साचलेल्या पाण्यात बसून हा फोमही पाणी धरतो. बोट बुडू नये म्हणून घातलेली वस्तू तिला दरवर्षी थोडी थोडी खाली ओढू लागते. कायद्याचे पालन मात्र काटेकोर झालेले असते.

आता पाणी आत शिरते कसे? डेकला पाणी शिरण्याजोगे छिद्र मुळात नसते. ते माणूस पाडतो. कठड्याचे खांब, दोर बांधायच्या खुंट्या, विंच, झडपांच्या बिजागऱ्या, नांगराच्या रुळाची बैठक आणि डोलकाठीचे ताण पेलणाऱ्या पोलादी पट्ट्या या सगळ्यांसाठी कारखान्यातच भोके पडतात. पुढे प्रत्येक मालक आपली भर घालतो. एकाला ग्लास ठेवायला कडी हवी असते, दुसऱ्याला मासेमारीच्या काठीला आधार, तिसऱ्याला सौर पट्टी आणि चौथ्याला जीपीएसचा स्टँड. प्रत्येक सोयीमागे चार स्क्रू लागतात. पाचवा मालक या सगळ्या वस्तू काढून टाकतो आणि भोके पुटीने बुजवतो, म्हणजे ती दिसायची बंद होतात.

प्रत्येक स्क्रूभोवती सीलंट असते आणि त्यालाही वय असते. उन्हाने ते कडक होते, थंडीने आक्रसते आणि हिसक्यांनी सुटते. सर्वांत मोठा हिसका कठड्याच्या खांबाला बसतो. धक्क्यावरून बोटीवर येणारा धिप्पाड पाहुणा खांबाचे टोक धरून स्वतःला वर ओढून घेतो. खांब हा चांगला दीड-दोन फुटी तरफदांडा असल्याने त्याच्या बुडाशी चारही स्क्रूंवर भलताच जोर येतो. सीलंट केसभर सुटते. पाहुणा संध्याकाळी घरी जातो. त्याने उघडलेली फट तिथेच राहते.

या फटीतून समुद्राचे पाणी गेले असते तर नुकसान कमी झाले असते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. न्यू इंग्लंडचे जुने जहाजबांधणारे लाकडी सांगाड्याच्या पोकळ्यांत मुद्दाम मीठ भरून ठेवत. डेकमध्ये मुरते ते बहुतांशी पावसाचे, दवाचे आणि बोट धुण्यासाठी नळीने मारलेले गोडे पाणी. म्हणजे वापरात असलेल्या बोटीपेक्षा धक्क्याला बांधून, वरचेवर स्वच्छ धुऊन, कौतुकाने पाहत ठेवलेली बोट लवकर कुजते. कोकणात पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीत होड्या वाळूवर ओढून ताडपत्रीने किंवा झापांनी शाकारून ठेवतात, त्यामागे हेच ज्ञान आहे. जिने वर्षभर समुद्र अंगावर घेतला तिला पावसापासून जपायचे असते.

लाकडात ओलावा वीस टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशीचे काही चालत नाही. तो तिशीच्या घरात गेला की ती आयत्या बिळावर नागोबा होऊन बसते. अंधार आहे, ऊब आहे, खायला लाकूड आहे आणि आलेले पाणी बाहेर जाऊ नये म्हणून वर-खाली फायबरग्लासची पक्की व्यवस्था आहे. थंड प्रदेशात हिवाळाही हातभार लावतो. मुरलेल्या पाण्याचा बर्फ होताना तो फुगतो आणि वरचा थर गाभ्यापासून उचकटतो. वसंतात बर्फ वितळतो, पाणी पुढच्या चौकोनात सरकते आणि पुढच्या हिवाळ्याची तयारी पूर्ण होते.

निदान करण्याच्या पद्धती तीन. पहिली पायाची, ती वर आली आहे. दुसरी कानाची: प्लास्टिकच्या तोंडाची छोटी हातोडी घेऊन डेक इंच-इंच ठोकत जायचा. निरोगी जागी आवाज टणक आणि कोरडा येतो. आजारी जागी बद्द येतो. लिओपोल्ड औएनब्रुगर या ऑस्ट्रियन वैद्याने 1761 मध्ये रोग्याची छाती बोटांनी ठोकून आतले पाणी ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली, तीच ही. फरक इतकाच की बोटीचे वैद्य, म्हणजे सर्वेअर, ठोकत असताना रोगी शांत असतो आणि मालक कण्हतो. तिसरी पद्धत यंत्राची. ओलावा मोजणारा मीटर डेकवर फिरवला की काटा हलतो. तो ओल्या गाभ्याने हलतो, पहाटेच्या दवाने हलतो आणि डेकखालच्या पाण्याच्या टाकीनेही हलतो. त्यामुळे विकणाऱ्याच्या मते तो नेहमीच टाकीने हललेला असतो.

संशय फिटत नसेल तर केबिनमधून, म्हणजे खालच्या थरातून, लहान भोक पाडून भुसा तपासतात. भुसा फिकट आणि कोरडा आला तर प्रश्न मिटला. काळपट आणि ओला आला तर मिटला तो आशावाद. कधी कधी ड्रिल बाहेर काढताच भोकातून चहाच्या रंगाचे पाणी ठिबकू लागते आणि पुढचे काही तास ठिबकतच राहते. त्यानंतर मीटरची गरज उरत नाही.

निदान आणि उपचार यांच्यामध्ये एक मोठा कालखंड असतो. तो काही महिन्यांपासून काही मालकांपर्यंत लांबू शकतो. या काळात मालक मऊ जागेवर पाय देत नाही. बोटीवरची सगळी मंडळी त्या जागेला वळसा घालून चालायला शिकतात आणि नव्या पाहुण्याला ‘इथून या’ असे अगत्याने सांगितले जाते. मऊ जागेवर दोराचे वेटोळे कलात्मक रीतीने मांडले जाते. मोटरबोटीत नवा गालिचा येतो. झाकली मूठ सव्वा लाखाची हे तत्त्व बोटीच्या बाजारात अक्षरशः लागू आहे, कारण मूठ उघडताच किंमत निम्म्यावर येते.

यापुढची पायरी म्हणजे शॉर्टकट. सर्वांत लोकप्रिय असा: वरच्या थराला इंच-इंच अंतरावर भोके पाडायची आणि पिचकारीने पातळ इपॉक्सी आत सोडायचे. गाभा कोरडा असून फक्त थर सुटलेला असेल तर हा उपाय चालतो. गाभा ओला असेल तर भिजलेले लाकूड इपॉक्सी पीत नाही. इपॉक्सी मिळेल त्या पोकळीत जाऊन गोठते आणि कुजका लगदा त्याच्या शेजारी सुखाने नांदतो. डेकला आता पूर्वीपेक्षा दोनशे भोके जास्त असतात. दुसरा उपाय मऊ भागावरच प्लायवूडचा नवा तक्ता ठोकण्याचा. त्याने पाय घसरत नाही, डेक दबत नाही आणि बुरशीला घरावर माडी मिळते. तिसरा उपाय केबिनमध्ये जिथे पाणी ठिबकते त्याच्या बरोबर वर सीलंट फासण्याचा. पाणी एका स्क्रूतून शिरते, गाभ्याच्या कालव्यांतून हवे तितके हिंडते आणि सोयीच्या जागी खाली उतरते. त्यामुळे हा उपाय रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला या जातीचा ठरतो.

खरा उपचार शस्त्रक्रियेचा आहे: एक थर उघडायचा, कुजलेला गाभा काढायचा, नवा बसवायचा आणि थर पुन्हा बंद करायचा. पहिला निर्णय वरून उघडायचे की खालून, हा. खालून उघडले तर डेकची वरची बाजू शाबूत राहते आणि पाहणाऱ्याला काही कळत नाही. मात्र केबिनमध्ये उताणे पडून छताला चिकट माल लावावा लागतो आणि गुरुत्वाकर्षण आपले काम सोडत नाही. खालून एकदा दुरुस्ती केलेला माणूस पुढच्या वेळी वरून करतो. मधल्या काळात त्याने केस कापून घेतलेले असतात.

वरून उघडताना मऊ भागाभोवती खडूने रेघ मारतात. ही रेघ म्हणजे प्रस्तावित अंदाजपत्रक असते. प्रत्यक्ष खर्चाशी तिचा संबंध सरकारी कामांत असतो तितकाच असतो. सर्क्युलर सॉच्या पात्याची खोली वरच्या थराच्या जाडीइतकी, साधारण तीन ते पाच मिलिमीटर, बेतून रेघेवर चिरत जायचे. पाते जास्त खाली गेले तर खालचा थरही कापला जातो आणि भोकातून केबिनमधली गादी दिसते. चीर शक्यतो डेकच्या गुळगुळीत पट्ट्यांतून न्यावी. पाय घसरू नये म्हणून साच्यातच उठवलेली खरखरीत नक्षी एकदा कापली की ती पुन्हा जुळवणे जिकिरीचे होते.

काचेची धूळ हा या टप्प्याचा स्थायीभाव आहे. मास्क, चष्मा, हातमोजे आणि अंगभर कागदी पोशाख हे सगळे घालूनही ती मानेत, मनगटात आणि दुसऱ्या दिवशी उशीवर सापडते. आंघोळ थंड पाण्याने करावी. गरम पाण्याने त्वचेची रंध्रे उघडतात आणि खाज मुक्कामाला राहते, असे या धंद्यातले लोक सांगतात. घरच्यांचे कपडे वेगळे धुवावेत, हे ते सांगत नाहीत; ते घरचेच सांगतात.

चिरलेला थर पटाशीने उचकटताना डेक स्वतःच आपली कुंडली सांगतो. जिथे गाभा कुजला आहे तिथे थर विनातक्रार सुटून येतो. जिथे तो चांगला आहे तिथे जिवाच्या आकांताने धरून राहतो आणि सुटलाच तर फिकट लाकडाचे टवके घेऊन सुटतो. नियम सोपा आहे: काम सोपे जात असेल तर परिस्थिती गंभीर आहे. खालचा गाभा काळा, ओला आणि जुन्या विहिरीच्या वासाचा असतो. तो खरवडत खरवडत चांगल्या लाकडापर्यंत जायचे असते. चांगले लाकूड खडूच्या रेघेपर्यंत सहसा लागत नाही. मग दुसरी रेघ मारली जाते, आणि ती मारताना रंग बदलावा, म्हणजे पुढे हिशेब कळतो.

त्यानंतर उघडा भाग वाळवायचा. हे काम सूर्य फुकट करतो, पण तंबू ठोकून वर आडोसा करावा लागतो, कारण डेक उघडल्यावर पाऊस येतो. पंखे, हीटर आणि हवेतला दमटपणा खेचणारे यंत्र लावले तरी काठाचे लाकूड खडखडीत व्हायला आठवडे लागतात. बोटयार्डचे भाडे मात्र त्याच दिवसापासून आकारले जाते. ॲसिटोनने लाकूड झटपट वाळते असा एक समज आहे. ॲसिटोनची वाफ त्याहून झटपट पेटते.

नवा गाभा कशाचा घालावा या प्रश्नावर बोटवाल्यांचे तीन पंथ आहेत. बाल्सापंथी म्हणतात, मूळचाच घाला. तो हलका, ताठ आणि स्वस्त आहे, आणि पहिला पन्नास वर्षे टिकला. प्लायवूडपंथीयांना मजबुती हवी असते; त्यांचा डेक जवळजवळ चौपट वजनदार गाभा घेऊन बसतो. फोमपंथी पीव्हीसीचा फोम घालतात, जो कुजत नाही; मात्र पाणी शिरले तर थर त्याच्यापासूनही सुटू शकतात. लाकूड आणि फायबरग्लास यांचा संसार मुळातच चुकीचा, असे मानायचे कारण नाही. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत बांधलेली नौदलाची ‘म्हादेई’ लाकडी गाभ्यावर फायबरग्लास आणि इपॉक्सी चढवून केलेली आहे. तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि अभिलाष टॉमी यांनी 2012-13 मध्ये तीच प्रदक्षिणा कुठेही न थांबता केली. लाकूड पाण्यावरून सबंध पृथ्वीभोवती फिरते. फक्त पाणी त्याच्यापर्यंत पोचता कामा नये.

इपॉक्सी हा या प्रयोगातला तापट नट आहे. रेझिन आणि हार्डनर ठरलेल्या प्रमाणात मिसळावे लागतात. एका प्रसिद्ध कंपनीच्या मालात ते पाचास एक असते. स्वस्तातल्या पॉलिएस्टर रेझिनची सवय असलेला माणूस लवकर सुकावे म्हणून हार्डनर सढळ हाताने ओततो. पॉलिएस्टरमध्ये ते काही अंशी खपते. इपॉक्सीत जास्तीचा हार्डनर कुठेच जोडला जात नाही आणि डेक पुढचे कित्येक महिने चिकट राहतो. मिसळलेला माल खोल डब्यात राहिला तर स्वतःच्याच उष्णतेने तापत जातो, धुरावतो आणि प्लास्टिकचा डबा वितळवतो. म्हणून तो लगेच पसरट ताटात ओतायचा असतो. साधारण दर दहा अंश सेल्सियसला त्याचा वेग दुपटीने बदलतो. सकाळी निवांत वाटणारे काम दुपारी धावपळीचे होते आणि थंड संध्याकाळी अजिबात पुढे सरकत नाही.

नवा गाभा आधी पातळ इपॉक्सीने माखतात आणि मग सिलिकाची भुकटी घालून दाट केलेल्या इपॉक्सीच्या गादीवर दाबून बसवतात. हा दाटपणा किती असावा हे अमेरिकी पुस्तिका केचप, मेयोनेझ आणि पीनट बटर या पायऱ्यांनी सांगतात. मराठी स्वयंपाकघरात तीच पट्टी कढी, पिठले आणि चक्का अशी होईल. गाभ्याखाली पिठले आणि फटींत चक्का. गाभ्याखाली हवा कोंडून राहता कामा नये, म्हणून वर विटा, वाळूच्या पिशव्या, पाण्याचे कॅन असे वजन ठेवतात. वजन आणि इपॉक्सी यांच्यामध्ये प्लास्टिकचा कागद अंथरायचा असतो. तो विसरला तर विटा हा बोटीचा कायमचा भाग होतो.

दुसऱ्या दिवशी सुकलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर आलेला दिसतो. तो साध्या पाण्याने धुऊन निघतो. इतक्या महागड्या कामातला इतका स्वस्त टप्पा बघून लोक तो गाळतात आणि मग पुढचा थर त्यावर नीट बसत नाही.

मग भोवतीच्या कापलेल्या थराचा काठ घासून उतार द्यायचा. प्रमाण बारास एक: तीन मिलिमीटर जाडीला छत्तीस मिलिमीटर उतार. त्यावर काचेच्या कापडाचे तुकडे एकावर एक चढवायचे. सर्वांत मोठा तुकडा आधी लावावा की सर्वांत लहान, यावर दोन ठाम मते आहेत आणि दोन्ही बाजूंच्या दुरुस्त्या टिकलेल्या आहेत. त्यानंतर हलकी पुटी आणि लांब फळीवर सँडपेपर लावून घासणे. डेक हाताला सपाट लागतो, डोळ्याला सपाट दिसतो आणि चकचकीत रंगाचा पहिला हात बसताच त्यावर सगळे टेंगूळ उठून दिसतात. जुन्या पांढऱ्याला नवा पांढरा जुळवणे हा वेगळा छंद आहे. पन्नास उन्हाळे खाल्लेला पांढरा डब्यात मिळत नाही. अखेर बहुतेक मालक वाळूची कणी मिसळलेला खरखरीत रंग सबंध डेकला लावून मोकळे होतात. त्याने पाय घसरत नाही, टेंगूळ झाकतात आणि पाहुण्यांना बोट नवी वाटते. खर्चाचा ताळेबंद चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असा निघतो. मालक दोन्ही आकडे वेगवेगळ्या पानांवर लिहितो.

उरते ते उतरवलेले सामान परत बसवणे. डेक पुढे किती वर्षे टिकणार हे इथेच ठरते. प्रत्येक भोक आधी लागते त्याहून मोठे पाडायचे, त्याच्या कडेचा गाभा कोरून काढायचा, पोकळी दाट इपॉक्सीने भरायची आणि ती कडक झाल्यावर तिच्या मधोमध बोल्टच्या मापाचे भोक पाडायचे. आता सीलंट सुटले तरी पाण्याला भेटते ती इपॉक्सीची भिंत. ते केबिनमध्ये ठिबकेल, पण गाभ्यात शिरणार नाही. सीलंट म्हणून ब्यूटाइलची पट्टी चालते. सिलिकॉनचा ओशट डाग मागे राहतो आणि त्यावर नंतर रंग धरत नाही. अतिशय चिवट पॉलियुरेथेन लावले तर पुढे ती वस्तू काढताना डेकचा तुकडाही तिच्याबरोबर येतो. खालून मोठी धातूची चकती द्यावी, म्हणजे धिप्पाड पाहुण्याचा भार विभागला जातो. नट आवळायला दोन माणसे लागतात: एक डेकवर स्क्रूड्रायव्हर धरून, दुसरे केबिनमधल्या कपाटात डोके घालून पाना धरून. दोघांमध्ये जाड, नुकताच दुरुस्त केलेला आणि आता आवाजही आत न सोडणारा डेक असतो. ही दोन माणसे बहुधा नवरा-बायको असतात.

एवढे झाल्यावर डेकला एकच पथ्य राहते: दर काही वर्षांनी एकेक वस्तू उतरवून, जुने सीलंट खरवडून, नव्याने बसवायची. एका खांबाला फार तर एक दुपार लागते, साहित्य किरकोळ असते आणि सबंध बोट दोन-तीन हंगामांत हातावेगळी होते. बोटीचा प्रत्येक मालक हे मान्य करतो. दुपार मोकळी मिळाली आणि ऊन चांगले पडले, की तो शीड उभारून समुद्रावर जातो. डेक दुरुस्त करणारी बोटयार्डे याच भरवशावर चालतात.